रात्रीच्या चेटकिणी : एका महिला बाँबर रेजिमेंटची कथा

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी इतिहासावर एखादा लेख असतोच. बहुधा तो पेशवाईवर, निजामाच्या राज्यातील मराठी घराण्यांवर किंवा हैदराबाद मुक्तिसंग्रामावर असतो आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांना थोडे लांब, दक्षिण रशियाच्या माळरानावर आणि काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर नेणार आहोत. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, म्हणजे १९४१ ते १९४५ चा. विषय आहे सोव्हिएत हवाई दलातील एका रेजिमेंटचा. तिच्यात विमान चालवणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, इंजिन दुरुस्त करणाऱ्या आणि बाँब लावणाऱ्या, सगळ्या स्त्रियाच होत्या.

लांबचा विषय घेण्याचे कारण जवळचे आहे. आपल्या शहरापासून दुंडिगलची हवाई दल अकादमी काही लांब नाही. तिथे १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी भारताच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या. तेव्हा आपल्याच ओळखीच्या घरांतून दोन प्रकारचे उद्गार आम्ही ऐकले. एक, "मुलींना हे कसं झेपणार?" आणि दुसरा, "ह्या तर साक्षात दुर्गा!" दोन्ही बोलणारी माणसे चांगलीच होती. पण या दोन्ही उद्गारांचे उत्तर इतिहासात पूर्वीच लिहून ठेवलेले आहे, असे आम्हाला वाटते. तोच इतिहास इथे थोडक्यात मांडतो.

मरीना रास्कोवा

ही कथा मरीना रास्कोवापासून सुरू होते. जन्म १९१२ चा. लहानपणी तिला गायिका व्हायचे होते आणि संगीताचे शिक्षणही चालू होते. पुढे घरच्या अडचणींमुळे तिने रंगाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत नोकरी धरली. नंतर मॉस्कोच्या झुकोव्हस्की हवाई अकादमीत ती ड्राफ्ट्सवुमन म्हणून, म्हणजे नकाशे आणि आराखडे काढण्याच्या कामावर लागली. तिथेच तिला नेव्हिगेशनची गोडी लागली आणि सोव्हिएत हवाई दलातील पहिली महिला नेव्हिगेटर म्हणून तिने नाव मिळवले.

सप्टेंबर १९३८ मध्ये व्हालेंतिना ग्रिझोदुबोवा, पोलिना ओसिपेंको आणि मरीना रास्कोवा या तिघींनी 'रोदिना' म्हणजे 'मातृभूमी' नावाच्या विमानातून मॉस्कोहून थेट अतिपूर्वेकडे झेप घेतली. २६ तासांहून अधिक वेळ न थांबता त्या उडत राहिल्या. सरळ रेषेत मोजले तर ते अंतर ५,९०० किलोमीटरच्या घरात जाते. शेवटी इंधन संपले आणि विमान जंगलातल्या दलदलीत पोटावर उतरवावे लागले. नेव्हिगेटरची जागा विमानाच्या नाकाशी होती. उतरताना ती जागा चेचली जाण्याचा धोका, म्हणून रास्कोवाला आधीच पॅराशूटने उडी मारावी लागली. त्यानंतर सैबेरियाच्या अरण्यात दहा दिवस एकटीने, जवळजवळ उपाशीपोटी वाट काढत ती विमानापर्यंत पोहोचली. या तिघी 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. देशभर त्यांची नावे घराघरांत गेली.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. रास्कोवाकडे मुलींच्या पत्रांचा ढीग पडू लागला. आम्हाला विमान चालवता येते, तरी भरती कार्यालय आम्हाला नर्स व्हा म्हणते, असे त्या पत्रांचे सार होते. रास्कोवाने आपले वजन खर्च करून थेट वरपर्यंत हा प्रश्न नेला. ८ ऑक्टोबर १९४१ रोजी तीन महिला हवाई रेजिमेंट उभारण्याचा हुकूम निघाला. ५८६ वी लढाऊ विमानांची, ५८७ वी बाँबर विमानांची आणि ५८८ वी रात्री बाँबफेक करणाऱ्यांची. तेव्हा जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने चाल करून येत होत्या. म्हणजे हुकूम निघाला तो स्त्रियांवरील प्रेमापोटी नव्हे, तर गळ्याशी आले होते म्हणून. हे विसरून चालणार नाही, कारण युद्ध संपल्यावर याच गोष्टीची गाठ पुन्हा पडते.

वैमानिक मुली आल्या कुठून?

आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. हुकूम निघाल्यावर काही दिवसांत शेकडो मुली हजर झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी जणींना विमान आधीच येत होते. हे कसे झाले?

१९३० च्या दशकात सोव्हिएत संघात गावोगावी एअरो क्लब निघाले होते. कारखान्यात किंवा कॉलेजात दिवस काढून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी मुले-मुली तिथे ग्लायडर, पॅराशूट आणि साधी विमाने शिकत. सरकारचा त्यामागचा हेतू अर्थातच युद्धाची तयारी हा होता. ते राज्य स्टॅलिनचे होते आणि त्या राज्याच्या दडपशाहीची बाजू झाकण्याचे आम्हाला काही कारण नाही. परंतु त्या क्लबांचे दार मुलींना उघडे होते, एवढे खरे. नादेझ्दा पोपोवासारखी खाणकामाच्या प्रदेशात वाढलेली पोर किशोरवयातच विमान शिकली. येवदोकिया बेर्शान्स्काया युद्धापूर्वीच नागरी विमानसेवेत मुरलेली वैमानिक होती. तिच्याकडेच ५८८ व्या रेजिमेंटची सूत्रे दिली गेली आणि ती शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिली.

व्होल्गा नदीकाठच्या एंगेल्स गावी प्रशिक्षण सुरू झाले. एरवी काही वर्षे लागणारा अभ्यासक्रम काही महिन्यांत उरकायचा होता. पहिला हुकूम वेण्या कापण्याचा निघाला. गणवेश पुरुषांच्या मापाचे, बूट तर इतके मोठे की आत कागद कोंबल्याशिवाय पायात राहत नसत. मार्च १९४२ मध्ये सरावाच्या रात्री हिमवादळ आले आणि चार मुली विमानांसह कोसळून गेल्या. शत्रू अजून कोणी पाहिलाही नव्हता. मे १९४२ च्या अखेरीस रेजिमेंट दक्षिण आघाडीवर पोहोचली आणि जूनमध्ये लढाईची उड्डाणे सुरू झाली. सुरुवातीच्याच रात्री स्क्वाड्रन प्रमुख ल्युबोव्ह ओल्खोव्हस्काया आणि तिची नेव्हिगेटर व्हेरा तारासोवा परत आल्या नाहीत.

लाकूड आणि कापडाचे विमान

या मुलींना मिळालेले विमान होते यू-२, ज्याला पुढे त्याच्या रचनाकाराच्या, निकोलाय पोलिकार्पोव्हच्या नावावरून पीओ-२ म्हणू लागले. हे विमान १९२८ मध्ये पहिल्यांदा उडाले, ते शिकाऊ वैमानिकांसाठी. शेतावर औषध फवारायलाही ते वापरत. एकावर एक दोन पंख, सांगाडा लाकडाचा आणि त्यावर ताणलेले कापड. डोक्यावर छप्पर नाही. पुढे पायलट, मागे नेव्हिगेटर, दोघींची बैठक उघडी.

आम्ही शिक्षणाने मेकॅनिकल डिप्लोमावाले, त्यामुळे इंजिनाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. हवेने थंड होणारे, पाच सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले ते एम-११ इंजिन. ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधील मोटारीला असते तेवढीच. विमानाचा जास्तीत जास्त वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. बाँब लादले की त्याहूनही कमी. आपला आउटर रिंग रोड आठवावा, म्हणजे या वेगाची कल्पना येईल. एवढ्या वेगाने तोफांच्या तोंडावरून जायचे, आणि अंगाखाली लाकूड व कापड. एखादी जळती गोळी लागली तर विमान काडेपेटीसारखे पेटत असे. वजन वाचावे म्हणून १९४४ पर्यंत या मुली पॅराशूटही घेत नव्हत्या.

पण याच दुबळेपणात काही फायदेही होते. विमान इतके हळू उडे की जर्मनांच्या वेगवान लढाऊ विमानांना त्याच्या मागे राहणे अवघड जाई, कारण तेवढ्या कमी वेगात ती स्वतःच हवेत टिकत नसत. पीओ-२ ला धावपट्टी लागत नसे, एखादे कुरण पुरे. त्यामुळे आघाडीपासून अगदी जवळच्या गावात तळ टाकता येई. इंजिन साधे, त्यामुळे दुरुस्ती शेतातही होई. आणि मुळात शिकवणीचे विमान असल्यामुळे मागच्या बैठकीतही नियंत्रणाचा दांडा होता. या दांड्याने पुढे काय केले ते सांगूच.

रात्रीचे काम

सूर्य मावळला की काम सुरू. विमाने एकेक करून काही मिनिटांच्या अंतराने उडत. लक्ष्य म्हणजे शत्रूच्या छावण्या, दारूगोळ्याची कोठारे, नदीवरचे उतार आणि पूल. लक्ष्य जवळ आले की पायलट इंजिन अगदी मंद करी आणि विमान घारीसारखे तरंगत खाली येई. खाली जर्मन शिपायांना ऐकू येई ती फक्त तारांमधून आणि पंखांमधून जाणाऱ्या वाऱ्याची सळसळ. नेव्हिगेटर आधी प्रकाश देणारा फ्लेअर टाकी, मग बाँब. लगेच इंजिन पुन्हा चालू करून निसटायचे. मागोमाग दुसरी जोडी येतच असे.

एका विमानाचे बाँब ते किती? दोनशे-तीनशे किलोच्या आसपास. मोठ्या बाँबर विमानांपुढे हे काहीच नाही. पण एकेक जोडी रात्रीत पाच-सहा, आठ-दहा, आणि हिवाळ्याच्या लांब रात्री त्याहून अधिक फेऱ्या मारी. पोपोवाच्या नावावर तर एका रात्रीत १८ फेऱ्यांची नोंद आहे. खालच्या सैन्याला रात्रभर झोप नाही, दिवा लावता येत नाही, चूल पेटवता येत नाही. मोठा विध्वंस करण्यापेक्षा शत्रूला थकवणे हे या विमानांचे मुख्य काम होते, आणि ते त्यांनी चोख केले. जर्मन शिपाई या विमानाला 'शिवणयंत्र' म्हणत, कारण इंजिनाचा आवाज तसाच खटखट येई. आणि चालवणाऱ्या बायका आहेत हे कळल्यावर त्यांना नाव पडले 'नाख्टहेक्सेन', म्हणजे रात्रीच्या चेटकिणी. मुलींनी ती शिवी पदकासारखी मिरवली.

जमिनीवरचे हात

पायलटांची नावे सगळीकडे येतात. आम्हाला थांबावेसे वाटते ते जमिनीवरच्या मुलींपाशी. विमान उतरले की त्यात इंधन भरायचे, इंजिन तपासायचे आणि पंखाखाली बाँब अडकवायचे. हे सगळे अंधारात, कारण दिवा दाखवला तर शत्रूला तळ कळतो. बाँब अडकवणाऱ्या आर्मरर मुली जाड हातमोजे घालून खिळ बसवू शकत नसत, म्हणून हिवाळ्यातही उघड्या बोटांनी काम करत. लोखंड इतके थंड की कातडी चिकटे. शंभर किलोचा बाँब दोघी-तिघी मिळून गुडघ्यांवर बसून उचलत. एका रात्रीत एकेका मुलीच्या हातून काही टन वजन जाई.

सैन्याचा नियम असा, की प्रत्येक विमानाचा मेकॅनिक आणि आर्मरर ठरलेला. त्या विमानाचे सारे काम त्यांनीच करायचे. यामुळे एकाच वेळी तीन विमाने उतरली तर काही मुली धावपळीत आणि काही रिकाम्या बसलेल्या. बेर्शान्स्कायाच्या रेजिमेंटने हा नियम बाजूला ठेवून नवी पद्धत काढली. एक टोळी उतरणारे विमान हाती घेईल, दुसरी इंधन भरेल, तिसरी बाँब लावेल. विमान कोणाचेही असो. त्यामुळे विमान पाचेक मिनिटांत पुन्हा उडायला तयार होऊ लागले आणि फेऱ्या वाढल्या. ही पद्धत नियमपुस्तकात बसत नव्हती. आम्ही सरकारी चाकरीतली माणसे, त्यामुळे असा बदल कागदोपत्री मंजूर करून घ्यायला किती टेबले फिरावी लागतात हे जाणतो. त्या मुलींनी आधी काम करून दाखवले.

सैन्याचा कायदा किती कठोर होता तेही सांगायला हवे. फ्लेअरला रेशमी कापडाचे छोटे पॅराशूट असे. पुरुषांच्याच मापाचे आतले कपडे मिळत, म्हणून दोन आर्मरर मुलींनी अशा एका पॅराशूटचे रेशीम कापून स्वतःसाठी आतले कपडे शिवले. लष्करी न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. रेजिमेंटने रदबदली करून त्यांना आपल्याकडेच ठेवून घेतले. पुढे त्या दोघी शिकून नेव्हिगेटर झाल्या. त्यांतली एक लढाईत मारली गेली.

नोसल, काशिरिना आणि एक शांत रात्र

येवदोकिया नोसल ही शिक्षकी पेशातून वैमानिक झालेली. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत सीमेवरच्या ब्रेस्त शहरावर बाँब पडले तेव्हा ती प्रसूतिगृहात होती. तिचे नवजात बाळ त्यात दगावले. रेजिमेंटमध्ये ती सर्वांत धाडसी वैमानिकांपैकी एक मानली जाई. एप्रिल १९४३ मध्ये नोव्होरोसिस्क जवळ शत्रूच्या विमानाच्या गोळीने ती बसल्या जागीच मरण पावली. तिचा देह नियंत्रणाच्या दांड्यावर कोसळला आणि विमान खाली घसरू लागले. मागे होती नेव्हिगेटर ग्लाफिरा काशिरिना. तिने उठून एका हाताने मैत्रिणीचा देह दांड्यावरून मागे ओढून धरला आणि दुसऱ्या हाताने मागच्या दांड्याने विमान चालवत तळावर आणून उतरवले. नोसलला मरणोत्तर 'सोव्हिएत संघाचा वीर' किताब मिळाला. या युद्धातील महिला वैमानिकांत तो पहिला.

काशिरिना त्यानंतर तीनच महिने जगली. ३१ जुलै १९४३ ची रात्र. रेजिमेंट कुबान भागातल्या जर्मन तटबंदीवर बाँबफेक करत होती. नेहमीप्रमाणे सर्चलाइट पेटले, पण विमानविरोधी तोफा गप्प होत्या. पहिले विमान प्रकाशात सापडले आणि क्षणात पेटले. मागून येणाऱ्यांना ते दिसत होते, पण कारण कळेना. मग दुसरे पेटले, तिसरे, चौथे. जर्मनांनी त्या रात्री तोफा थांबवून रात्री लढणारी विमाने सोडली होती, आणि आपल्याच विमानांना लागू नये म्हणून तोफा गप्प होत्या. हे लक्षात येईपर्यंत चार विमाने आणि आठ मुली गेल्या होत्या. पॅराशूट कोणाकडेच नव्हते. उरलेली उड्डाणे थांबवण्यात आली. सकाळी मुलींच्या निवाऱ्यात आठ बिछाने रिकामे होते.

त्या आठ जणींत काशिरिना होती आणि गालिना दोकुतोविच ही नेव्हिगेटरही होती. गालिनाची हकिकत मनाला लागणारी आहे. वर्षभरापूर्वी रात्रीच्या कामात जरा टेकावे म्हणून ती गवतात आडवी झाली आणि अंधारात इंधनाचा ट्रक तिच्या अंगावरून गेला. पाठीच्या कण्याला मोठी इजा झाली. कित्येक महिने इस्पितळात काढल्यावर तिला विश्रांतीसाठी रजा मिळाली होती. ती घरी न जाता रेजिमेंटमध्ये परतली आणि दुखरी पाठ घेऊन उडू लागली. तिची बालमैत्रीण पोलिना गेलमन याच रेजिमेंटमध्ये नेव्हिगेटर होती. पोलिनाने युद्धात ८६० उड्डाणे केली. युद्धानंतर तिला मुलगी झाली. मुलीचे नाव तिने गालिना ठेवले.

तारे पाहणारी रुदनेवा

येवगेनिया रुदनेवा मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकत होती. विमानाशी तिचा संबंध नव्हता, पण आकाशातले तारे आणि नकाशा यांचे गणित तिला येत होते, म्हणून ती नेव्हिगेटर झाली. पुढे ती संपूर्ण रेजिमेंटची मुख्य नेव्हिगेटर बनली. मैत्रिणींना ती मोकळ्या वेळात गोष्टी सांगे. मुख्य नेव्हिगेटर म्हणून तिने जमिनीवर राहून काम भागवले असते. पण नवी पायलट आली की पहिल्या उड्डाणांत आपण तिच्याबरोबर बसायचे, असा तिचा शिरस्ता होता. एप्रिल १९४४ मध्ये केर्च शहरावर अशाच एका नवख्या पायलटबरोबर असताना त्यांचे विमान पेटले. ते तिचे ६४५ वे उड्डाण होते. वय २३. पुढे शास्त्रज्ञांनी एका लघुग्रहाला तिचे नाव दिले. १९०७ रुदनेवा हा लघुग्रह आजही सूर्याभोवती फिरत आहे.

युद्ध संपले, दारे मिटली

या रेजिमेंटला फेब्रुवारी १९४३ मध्ये मानाचा 'गार्ड्स' दर्जा मिळाला आणि ती ४६ वी गार्ड्स रेजिमेंट झाली. पुढे तामान द्वीपकल्पातील कामगिरीमुळे 'तामान' हे नाव जोडले गेले. एल्तिगेन येथे वेढ्यात अडकलेल्या आपल्या सैनिकांना याच विमानांनी अन्न, औषधे आणि दारूगोळ्याच्या गोण्या टाकल्या. क्रिमिया, बेलारूस, पोलंड असे करत रेजिमेंट जर्मनीपर्यंत पोहोचली. एकूण उड्डाणे २३,००० हून अधिक. 'सोव्हिएत संघाचा वीर' किताब २३ जणींना. इरिना सेब्रोवाची एकटीची उड्डाणे १,००८, नातालिया मेक्लिनची ९८०. तीसच्या आसपास मुली परत आल्या नाहीत. तीन महिला रेजिमेंटपैकी शेवटपर्यंत एकही पुरुष न घेतलेली हीच एक.

मरीना रास्कोवाला हा शेवट पाहायला मिळाला नाही. ४ जानेवारी १९४३ रोजी स्टालिनग्राडच्या आघाडीकडे निघालेले तिचे विमान खराब हवेत कोसळले. वय तीस. तिच्या ५८७ व्या रेजिमेंटकडे पीई-२ नावाची दोन इंजिनांची वेगवान बाँबर विमाने होती. उड्डाणाच्या वेळी दांडा खेचायला पायलटची ताकद अपुरी पडली तर नेव्हिगेटर मदतीला हात लावी. तिच्यानंतर व्हालेंतिन मार्कोव्ह या पुरुष अधिकाऱ्याची नेमणूक झाली. बायकांच्या रेजिमेंटवर जायला तो सुरुवातीला नाखूश होता. पुढे त्यांच्या कामाचा त्यालाच अभिमान वाटू लागला.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ४६ वी रेजिमेंट बरखास्त झाली. मुलींना सांगितले गेले, आता घरी जा, अभ्यास करा, संसार करा. त्या गेल्या. रेजिमेंटची प्रमुख स्टाफ अधिकारी इरिना राकोबोल्स्काया पदार्थविज्ञानाची प्राध्यापक झाली. येवगेनिया झिगुलेंको चित्रपट दिग्दर्शक झाली आणि १९८१ मध्ये तिने आपल्या मैत्रिणींवर चित्रपट काढला. दर वर्षी २ मे रोजी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरसमोरच्या चौकात त्या भेटत. दर वर्षी एखाद-दुसरी कमी होई. पोपोवा २०१३ मध्ये गेली, राकोबोल्स्काया २०१६ मध्ये.

परंतु ज्या देशाने बायकांकडून २३,००० उड्डाणे करून घेतली, त्याच देशात लष्करी वैमानिक शाळांची दारे युद्धानंतर मुलींना जवळपास बंद झाली. क्रास्नोदारच्या लष्करी वैमानिक विद्यालयात मुलींची तुकडी घेतली गेली ती २०१७ मध्ये. म्हणजे मधे ७२ वर्षे गेली. अमेरिकेतही वेगळे काही झाले नाही. तिथे 'वास्प' या संघटनेतील हजाराहून अधिक स्त्रियांनी युद्धकाळात बाँबर विमानांसकट सगळ्या प्रकारची विमाने देशांतर्गत पोहोचवली. ३८ जणी त्या कामात मेल्या. डिसेंबर १९४४ मध्ये संघटना मोडली गेली आणि या स्त्रियांना सैनिकाचा दर्जा मिळायला १९७७ साल उजाडले. लढाऊ विमाने अमेरिकी स्त्रियांना मिळाली १९९३ मध्ये. जमत नाही हे कोणी सिद्ध केले म्हणून त्यांना थांबवले नव्हते. जमते हे सिद्ध झाले होते आणि तरीही थांबवले.

आपल्यापुरते

आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रेम माथुर यांना वैमानिक म्हणून नोकरी दिली ती आपल्याच हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. हवाई दलात स्त्री वैमानिक आल्या १९९० च्या दशकात. कारगिलच्या वेळी गुंजन सक्सेना यांनी चीता हेलिकॉप्टर चालवले. २०१६ मध्ये दुंडिगलचे ते संचलन झाले. २०२२ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ मध्ये ती बाहेर पडली. वाट हळूहळू मोकळी होत आहे.

सुरुवातीच्या दोन उद्गारांकडे आता वळतो. "मुलींना कसं झेपणार" याचे उत्तर कुबानच्या आकाशात देऊन झाले आहे. दुसरा उद्गार, "साक्षात दुर्गा", हा मात्र आम्हाला अधिक विचार करायला लावतो. शूर बाई दिसली की आपण तिला देवी करतो, हार घालतो आणि मोकळे होतो. देवीला शिकवणी लागत नाही, मापाचा गणवेश लागत नाही, नोकरीची शाश्वती लागत नाही. रुदनेवाला गणित येत होते. पोपोवाला एअरो क्लबाने शिकवले होते. आर्मरर मुलींच्या बोटांना सराव होता. धैर्य त्यांच्यात होतेच, पण ते धैर्य कामी आले, कारण कोणीतरी त्यांना दहा वर्षे आधी क्लबात घेतले होते, हातात दांडा दिला होता आणि "चल, शीक" म्हटले होते.

आपण पिढ्यान्‌पिढ्या या शहरात स्थायिक झालेली मराठी माणसे. शाळा, वाचनालये, वसतिगृहे काढण्याची आपली जुनी सवय आहे. आपल्या घरांत आज एनसीसीच्या एअर विंगचा फॉर्म आणणारी, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल किंवा एअरोनॉटिक्स मागणारी, नाहीतर एनडीएच्या परीक्षेला बसू म्हणणारी पोर असेल. तिला आत्याबाई, काका, आजोबा सगळे मिळून दहा कारणे सांगतील. त्यांत काही कारणे खरीही असतील, कारण धोका खरा आहे. त्या आठ रिकाम्या बिछान्यांची गोष्ट आम्ही लपवलेली नाही. तरी निर्णय तिचा असू द्यावा. फीचे, पुस्तकांचे आणि पहाटे मैदानावर सोडण्याचे मात्र आपण पाहावे. मंडळाच्या शिष्यवृत्तीत अशा शिक्षणासाठी एक जागा राखता आली, तर या उत्सवाच्या वर्गणीचा त्याहून चांगला विनियोग आम्हाला तरी सुचत नाही.

बुद्धीची देवता आपल्या मांडवात बसली आहे. पोरींच्या बुद्धीला आणि हातांना काम मिळो, एवढेच तिच्यापाशी मागणे.

गणपती बाप्पा मोरया!